मिस मार्पल वाचायला घेताय? दोन सुरुवाती

मिस मार्पल म्हणजे अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांतल्या, खुनाची कोडी सोडवणाऱ्या वयस्कर बाई. त्यांची कुठली कादंबरी आधी घ्यावी: ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ (१९३०) की ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ (१९५०)? मलपृष्ठ सोडा, पहिली चार पानं वाचा.

पकड: ‘व्हिकारेज’मध्ये गावचा पाद्री स्वतःच गोष्ट सांगतो. बुधवारचं जेवण, तो मांस कापतोय आणि बोलून जातो की कर्नल प्रोथेरोला कुणी मारलं तर जगावर उपकारच होतील. बळी कोण, हे तिथेच कळतं. दुसरीत पेपरवाला सायकलवरून घरोघरी अंक टाकतो, आणि ‘गॅझेट’ या स्थानिक पेपरातल्या छोट्या जाहिरातींत खुनाचं चक्क जाहीर निमंत्रण: शुक्रवार, २९ ऑक्टोबर, संध्याकाळी साडेसहा, ‘लिटल पॅडॉक्स’ या घरी. इतकी बेधडक सुरुवात क्वचितच सापडते.

नावं: दुसरीत इथेच घोळ होतो. पहिल्याच प्रकरणात घरामागून घर येतं. घर आणि माणसं कागदावर टिपा, नाहीतर मागे पानं उलटावी लागतील. पहिलीत निवेदक एकच, त्यामुळे सोपं जातं.

मार्पलबाई: पहिलीत पाद्र्याच्या शेजारीच राहतात, लवकर भेटतात. दुसरीत बराच वेळ वाट पाहावी लागते.

इंग्रजी रहस्यकथा प्रथमच वाचणाऱ्याने, किंवा तिरकस विनोद आवडणाऱ्याने ‘व्हिकारेज’ घ्यावी. कोडं सोडवायची खुमखुमी असेल आणि सलग दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या असतील, तर ‘अनाउन्स्ड’.