मेकॅनिकल कीबोर्ड: एक पावसाळा, मागाचं तूस आणि दोन लिप्यांनंतरचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगतो. दिवसाचे आठ-दहा तास बटणं बडवणाऱ्याने मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला) घ्यावा, हॉट-स्वॅपवालाच (स्विच हाताने बदलता येणारा) घ्यावा, आणि घरात दुसरं कोणी झोपत असेल तर निळे, म्हणजे टिकटिकणारे स्विच घेऊ नयेत. बाकीचं ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी.

मी बेळगावात वडगावला राहतो. नोकरी बेंगळूरुच्या कंपनीत, काम बहुतेक घरून. दिवसभर जावा ही प्रोग्रामिंगची भाषा, आणि जावाला लागणारे कंस, अर्धविराम आणि सहनशक्ती. पावसाळ्याच्या तोंडावर ८७ बटणांचा, वायरवाला, साडेतीन हजारांच्या आसपासचा एक कीबोर्ड मागवला. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीतले बहुतेक कीबोर्ड आतून भाऊ-भाऊच आहेत. या सगळ्यांत बसणारा मूळ स्विच, एमएक्स नावाचा, चेरी या जर्मन कंपनीचा. त्याचं पेटंट २०१४ च्या सुमारास संपलं आणि तेव्हापासून त्याच मापाचे, तसेच दांडे असलेले स्विच चीनमधल्या डझनभर कारखान्यांतून निघायला लागले. त्यामुळे आपल्यासारख्यांना परवडायला लागलं. नाहीतर भारतात मेकॅनिकल म्हटलं की एकच चेहरा डोळ्यांसमोर यायचा: बँकेत आणि दुकानांच्या काउंटरवर वर्षानुवर्षं ठोकला जाणारा टीव्हीएस गोल्ड.

आवाज

माझ्या कीबोर्डातला निळा स्विच दाबला की आतली एक छोटी सरकती पट्टी 'टिक्' करते. बटण साधारण ४ मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर निम्म्या वाटेवरच उमटतं आणि ती टिक् त्याच क्षणाची पावती असते. ही पावती बोटांना फार आवडते. बग सापडत नसला तरी काहीतरी होतंय असं वाटत राहतं.

आमची गल्ली विणकरांची. शेजारच्या दोन घरांत पॉवरलूम आहेत, सकाळी सुरू होतात ते जेवणाच्या वेळेलाच थांबतात. दिवसा माझ्या कीबोर्डचा आवाज मलासुद्धा ऐकू येत नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये बेंगळूरुचे लोक नेहमी विचारतात, तुझ्याकडे पाऊस पडतोय का? जूनमध्ये खरंच पडत असतो. जानेवारीत मग समजावून सांगावं लागतं.

रात्री माग बंद होतात आणि गल्लीत नुसता मी उरतो. रिलीज असला की बारा-एक वाजतातच. पहिल्याच आठवड्यात आई खोलीच्या दारात उभी. "काय बडवूलास रे इतक्या रात्रीचं? माग तरी बरा, दहाला बंद होतो." ज्या बाईचं आख्खं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलं तिला माझ्या टिकटिकीने झोप येत नव्हती. मागाचा आवाज एका लयीत असतो, माझा अडखळत. मी मध्येच थांबतो, विचार करतो, चार ओळी पुसतो. पुढच्या टिकची वाट बघत जागं राहावं लागतं, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं.

हॉट-स्वॅपचं महत्त्व इथे कळतं. स्विच बोर्डावर डाग देऊन चिकटवलेले नसतात, नुसते खोबणीत बसवलेले असतात. सोबत आलेल्या चिमट्याने ओढायचे आणि दुसरे दाबून बसवायचे. तपकिरी स्विचचा संच वेगळा मागवून एका रविवारी सगळे बदलले. तपकिरीला टिक् नाही, वाटेत एक हलकासा अडथळा बोटाला लागतो तेवढाच. बसवताना स्विचचे दोन तांब्याचे पाय सरळ आहेत ना ते बघा, घाईत वाकतात. आणि घेण्याआधी आपल्या बोर्डाला ३ पायांचे चालतात की ५ पायांचेही, हे वाचून घ्या. ५ पायांच्या स्विचचे जादाचे दोन पाय प्लास्टिकचे असतात, ते नेलकटरने कापले तरी चालतात.

लाल स्विच मी मित्राकडे वापरून पाहिले. लोण्यात बोट घातल्यासारखे, ना टिक् ना अडथळा. गेम खेळणाऱ्यांना आवडतात. मला नकोत, बोट नुसतं टेकवलं तरी अक्षर पडतं.

तूस, ओल आणि कुंदा

ज्या गोष्टींवर इंटरनेटवरचे रिव्ह्यू गप्प असतात त्या इथे लिहितो. पहिली म्हणजे सुताचं तूस. माग चालले की हवेत बारीक तूस उडतं आणि ते बटणांखाली जाऊन बसतं. दर महिन्याला बटणं उपटली की खाली करड्या कापसाची गादी दिसते. उपाय सोपा आहे, रंगकामाचा मऊ ब्रश आणि कीबोर्ड उलटा धरून चार थापट्या. झाकलेल्या कडांचा कीबोर्ड घेऊ नका. ज्याचे स्विच वरच्या पत्र्यावर उघडे बसलेले दिसतात तो घ्या, साफ करायला निम्मा वेळ लागतो.

दुसरी ओल. बेळगावचा पावसाळा बाहेरच्यांना सांगून कळत नाही. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, पुस्तकांना वास येतो. ऑगस्टमध्ये माझं एक बटण दोनदा उमटायला लागलं. एकदा दाबलं की दोन अक्षरं. याला चॅटर म्हणतात: स्विचमधल्या धातूच्या पट्ट्यांवर मळ किंवा गंज आला की संपर्क एकसंध होत नाही, थरथरतो, आणि कीबोर्डाला वाटतं दोनदा दाबलं. दुर्दैव म्हणजे ते बटण बरोबरीच्या चिन्हाचं होतं. प्रोग्रामरला एक बरोबर (किंमत ठेवणं) आणि दोन बरोबर (तुलना करणं) यातला फरक काय असतो ते मी सांगायला नको. डाग दिलेला कीबोर्ड असता तर दुरुस्तीला पाठवावा लागला असता. इथे राखीव स्विच काढला, बसवला, आणि चहा निवायच्या आत काम परत सुरू. म्हणून संच घेताना पाच-दहा जास्तीचे घ्या.

तिसरी आमची स्वतःची देणगी. कीबोर्डशेजारी कुंद्याची, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईची, बशी ठेवू नये. मुंग्यांना स्विचच्या आतली जागा फार आवडते.

स्पेसबारचा खुळखुळाट हा या किमतीतला हमखास दोष. मोठ्या बटणांखाली एक तार असते, तिला कारखान्यात ग्रीस लावायला कंजूषपणा करतात. थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं की गप्प बसतो. रंगीबेरंगी लाईट मी पहिल्याच दिवशी बंद केले, त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

मनगटाचं मात्र लिहायला हवं. लॅपटॉपपेक्षा हा कीबोर्ड उंच असतो, हात वाकडा राहतो, सुरुवातीला दुखतो. बाजारात यासाठी आठशे रुपयांची गादी मिळते. आमच्या गल्लीच्या टोकाला सुतार आहेत, त्यांनी सागवानाची एक उतरती पट्टी रंधून दिली आणि पैसे घेतले नाहीत. बदल्यात मुलाचा रिझ्यूमे करून मागितला. तो अर्थात याच कीबोर्डवर झाला.

मराठी आणि कन्नड

आता खरा भाग. हा कीबोर्ड मी कोडसाठी घेतला होता, पण त्याने मला इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण बटण-मांडणी, शिकवलं. आधी मी फोनवर लिहितो तसंच रोमनमध्ये ठोकून मराठी काढायचो. यंत्राच्या सूचनांतून शब्द निवडायचा, तोवर मनातलं वाक्य पळून गेलेलं. बोटांना चांगलं बटण मिळालं तेव्हा वाटलं, हेही नीट शिकावं.

इनस्क्रिप्टची मांडणी १९८६ ची, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात ती आली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. के वर क, शिफ्ट धरलं की ख. आय वर ग, शिफ्टने घ. डी वर हलन्त. एकदा डोक्यात बसलं की बघावं लागत नाही, आणि बघूनही उपयोग नाही, कारण बटणांवर तेव्हा नुसतं इंग्रजीच छापलेलं होतं. चिकटवायचे स्टिकर मिळतात. घामाने आणि तेलकट बोटांनी दोन महिन्यांत कडा उचलतात, नादाला लागू नका. मी शिकलो ते लाईट गेल्यावर. नेट बंद, काम बंद, लॅपटॉपला बॅटरी आणि वायरचा कीबोर्ड त्याच्याच जिवावर. आमच्याकडे पावसाळ्यात असा अभ्यासाचा तास कधीही लागतो. दिवाळीपर्यंत हात बसला.

आणि मग लक्षात आलं की कन्नड फुकट आलं. इनस्क्रिप्ट बहुतेक भारतीय लिप्यांना एकच आहे. ज्या बोटाने मी मराठी क काढतो त्याच बोटाने, त्याच बटणावर कन्नड क निघतो. ळ सुद्धा त्याच जागी, शिफ्ट आणि एन. कन्नडला ऱ्हस्व ए आणि ओ असतात, त्यांची दोन जास्तीची बटणं पाठ करायची, झालं. विंडोज आणि लिनक्स दोन्हीत हे आधीपासून असतं, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. माझा कीबोर्ड प्रोग्राम करता येतो, म्हणून निरुपयोगी कॅप्स लॉकला भाषा बदलायचं काम दिलंय. एक तोटा: बदललेली भाषा विसरून कोडकडे वळलो की अर्धविरामाच्या जागी च पडतो, कारण दोघांचं बटण एकच. माझ्या जावात अधूनमधून ओळीच्या शेवटी च सापडतो.

कन्नड मित्र इनस्क्रिप्टला नाकं मुरडतात. त्यांच्याकडे के. पी. राव यांच्या मांडणीवर चालणारं नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर आहे, इंग्रजी उच्चारावर बेतलेलं, सरकारी कचेऱ्यांतही तेच. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. पण दोन लिप्या रोज लागणाऱ्या माणसाला एकदाच शिकून सुटका हवी असते. शाळेत कन्नड शिकलेलो असलो तरी वाचताना अजून बोट ठेवावं लागतं. लिहिताना मात्र आता कमी अडखळतो. गल्लीत ही बातमी पसरली आणि कन्नड अर्ज माझ्याकडे यायला लागले. मागाच्या विजेचा अर्ज, पेन्शनचा, पाण्याचा. "तुझ्या त्या खडखड्यावर काढून दे की रे जरा." मजकूर मराठीत तावातावाने सांगतात, मी कन्नडात काढतो, आणि घरी नेऊन नातवाकडून वाचून घेतात. माझ्यावर विश्वास आहे, पण पूर्ण नाही. १ नोव्हेंबरला ऑफिसला राज्योत्सवाची सुट्टी असते. आमच्या घरात त्या तारखेला दुसरं नाव आहे आणि आजोबा दंडावर काळी फीत बांधतात. मागच्या १ नोव्हेंबरला मी दुपारभर घरी बसून त्यांचाच एक कन्नड अर्ज टाईप केला. त्यांनी सही मराठीत केली.

एका संध्याकाळी रिकामा होतो म्हणून उलटा खेळ करून पाहिला. यूनिकोडमधले (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) भारतीय लिप्यांचे गट इस्की या जुन्या भारतीय मानकाच्या क्रमाने मांडलेत. मराठी क चा क्रमांक २३२५, कन्नड क चा ३२२१. फरक ८९६. ळ चा २३५५ आणि ३२५१, फरक तोच. म्हणजे कुठल्याही मराठी मजकुरातल्या प्रत्येक अक्षरात ८९६ मिळवले की तो कन्नड लिपीत दिसायला हवा. पाच ओळींचा प्रोग्राम लिहिला, त्यात आमच्या गल्लीचा पत्ता घातला आणि धारवाडच्या सहकाऱ्याला पाठवला.

त्याने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग विचारलं, हे कुठल्या शिलालेखातून उतरवलंस? झालं होतं असं, की 'दुसऱ्या गल्लीत' मधला ऱ कन्नडमध्ये गेल्यावर हळेगन्नडमधलं, म्हणजे जुन्या कन्नडमधलं, एक अक्षर झाला, जे आजच्या लिखाणात कोणी वापरत नाही. माझे सगळे ए लांबलचक झाले, कारण ऱ्हस्व ए मराठीत नाहीच. आणि 'ऑफिस' मधल्या ऑ च्या जागी नुसती रिकामी चौकट, कारण ८९६ पुढे त्या जागी कन्नडने काही ठेवलेलंच नाही. तरी पत्ता त्याला वाचता आला.

बटणांचा टिकाऊपणा

सोबत आलेली बटणं एबीएस प्लास्टिकची होती. ए, एस आणि एन्टर आता आरशासारखी चकाकतात. पीबीटी प्लास्टिकची बटणं खरखरीत राहतात, चमकत नाहीत, पण महाग. मराठी आणि कन्नड दोन्ही छापलेला तयार संच मला कुठे मिळाला नाही. म्हणून मी कोरी पीबीटी बटणं घेतली, काहीच न छापलेली. छान दिसतात. मला आता बघायची गरज पडत नाही, पण आईला माझ्या लॅपटॉपवर अभंग शोधायचे असले की मला हाक मारावी लागते, हा दोष मानायचा का ते तुम्ही ठरवा.

पुढच्या महिन्यात ऑफिसने थोड्या दिवसांसाठी बेंगळूरुला बोलावलंय. तिथल्या ओळीने लावलेल्या टेबलांवर तपकिरी स्विचसुद्धा शेजाऱ्याला चालणार नाहीत, म्हणून कीबोर्ड घरीच ठेवणार. धाकट्या भावाची बारावी आहे आणि त्याचा डोळा या कीबोर्डवर अभ्यासासाठी नाही. तेव्हा गेमला लागणारे डब्ल्यू, ए, एस, डी हे चार स्विच बटणांसकट काढून सोबत नेतोय.