वेळासला जायचंय: कॅम्परव्हॅन की घरगुती मुक्काम?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मामेबहिणीला मार्चमध्ये मुलांना कासवांची पिल्लं दाखवायला कोकणात वेळासला न्यायचंय. भाड्याची कॅम्परव्हॅन (आतच झोपायची, शौचालयाची सोय असलेली गाडी) घ्यावी की आपल्या गाडीने जाऊन गावातल्या घरी उतरावं, यावर घरात दोन तट पडलेत.

खर्चात व्हॅन जड. रोजचं भाडं, वर डिझेल, आणि बडोद्याहून पल्लाही लांबचा. घरगुती मुक्कामात माणशी पैसे द्यायचे, जेवण बहुधा त्यातच. ते पैसे थेट यजमान कुटुंबाच्या हाती पडतात. व्हॅनवाले शिधा घरूनच नेतात.

खरा मुद्दा पाण्याचा. कोकणात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभ्यात पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. व्हॅनची टाकी त्याच गावात भरायची. मग मैल्याची टाकी कुठे रिकामी करणार? खेड्यात तशी सोय नसते, आणि ती घाण ओढ्यात किंवा सुरूच्या बनात गेली तर भोगणार गावच. मला हे मुळीच पटत नाही.

दुसरं, उजेड. ऑलिव्ह रिडले या कासवांची पिल्लं प्रकाशाकडे धावतात. किनाऱ्यालगतच्या गाडीचे दिवे त्यांना समुद्राऐवजी जमिनीकडे वळवतात.

मोकळीक मात्र व्हॅनचीच जास्त, अरुंद घाटरस्ते येईपर्यंत.

वेळाससाठी घरगुती मुक्कामच घ्या. सोबत वारंवार आडवं व्हावं लागणारे, शौचालय जवळ हवं असणारे वडीलधारे असतील आणि मोठ्या रस्त्यांवरून शहरं पाहायची असतील, तर व्हॅन घ्या. पण रात्री सांडपाण्याची सोय असलेल्या तळावरच थांबा.