स्फोट आणि वावधान, दोन्हीसाठी घर नीट करून घेतलं: वर्ध्याच्या इंजिनिअरचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आमचं गाव पुलगाव साईडला, म्हणजे लष्कराच्या दारूगोळा डेपोच्या पट्ट्यात. ३१ मे २०१६ च्या पहाटेची आग अन् ते स्फोट इकडे कोणाला सांगावं लागत नाही, नंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला. त्यात दर मे महिन्यात वावधान सुटलं की कोणाच्या ना कोणाच्या टिना वावरात. म्हणून जुनं घर नीट करायचं ठरलं तेव्हा बाबांनी एकच अट घातली, "पाहा बाप्पा, धमाका झाला त घरात झोपून राहता आलं पाहिजे."

आधी एका ठेकेदाराला बोलावलं होतं. तो आला, भिंतीवर हात ठोकला अन् म्हणे सगळ्या बाजूनं काँक्रीटची भिंत उभी करू, आकडा ऐकून आई आतच निघून गेली. मग ओळखीतून हा वर्ध्याचा स्ट्रक्चरल इंजिनिअर मिळाला. यानं पहिले विचारलं डेपो इथून किती लांब, मग कोणती खिडकी त्या बाजूला. म्हणे स्फोटाचा दाब अंतरासोबत झपाट्यानं उतरतो, डेपोच्या भिंतीला लागून घर असतं तर मी हे काम घेतलंच नसतं, पण तुमच्या अंतरावर धोका भिंतीचा नाही, काचेचा आहे. आधी हवेचा धक्का काच आत ढकलतो अन् मागोमाग तीच हवा बाहेर ओढते. २०२० मध्ये बैरूतला बंदरावर अमोनियम नायट्रेट फुटलं तेव्हा किती तरी लोक काचांनीच जखमी झाले, हे त्यानंच सांगितलं.

भिंतीतले तडे आम्ही इतकी वर्षं डेपोच्या नावावर खपवत होतो. तडा अजून वाढतो का पाहायला यानं त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली, बाजूला पेन्सिलनं तारीख लिहिली अन् गेला. पट्टी तडकली, पण त्या मधात धमाका कुठंच नव्हता, उन्हानं जमीन भेगाळली तशी तडकली. काळी माती उन्हाळ्यात आखडते, पावसात फुगते, पाया वरखाली होतो. खरं तर मला इथंच माणूस पटला, कारण भीती दाखवून बिल वाढवायला याच्यासमोर मैदान मोकळं होतं.

काम काय केलं तर डेपोकडची मोठी स्लायडिंग काढून लहान खिडक्या, त्यात लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचांच्या मधात प्लास्टिकचा पापुद्रा, फुटली तरी तुकडे चिकटून राहतात. चौकट होल्डफास्टनं, म्हणजे भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्ट्यांनी, पक्की केली, नाहीतर काच टिकते अन् चौकटच उखडून अंगावर येते म्हणे. बाकी खिडक्यांच्या काचांना तुकडे धरून ठेवणारी फिल्म चिकटवली. अन् खाट खिडकीखालून हलवली, त्याचे पैसे नाही लागले 😄

छपराचं काम सगळ्यात चांगलं झालं. वारा टिना दाबत नाही, वर ओढतो, सगळ्यात जास्त कडेला अन् कोपऱ्यात, म्हणून तिथं हुक दाट लावले, वळचणीचा बाहेर आलेला भाग कमी केला, अन् टिनांखालचे पाइप भिंतीवर नुसते ठेवलेले होते ते काँक्रीटच्या पट्टीत अडकवले. हिशोब त्यानं नागपूरसाठी बांधकामाच्या कोडमध्ये (सरकारी मानकात) वाऱ्याचा जो वेग दिलाय त्यावर धरला, सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी जवळपास १५८ किमी. मिस्त्री कुरकुरत होता, "काहून एवढे हुक ठोकायचे साहेब, टिनाची चाळण होते," पण साहेबानं स्वतः शिडीवर चढून एक एक वॉशर तपासला. मागची सिमेंटची पत्रं गारपिटीत फुटतात म्हणून काढून टाकली.

आता एक स्टार का कापला. साहेब फोन उचलत नाही, संध्याकाळी तर बिलकुल नाही. विजेसाठी तार अन् अर्थिंग ठरलेलं होतं, त्याचा इलेक्ट्रिशियन पहिला पाऊस पडून गेल्यावर उगवला, आमच्या भागात विजा किती पडतात हे काय त्याला माहीत नाही? काच नागपूरहून आली, एक ओरखडलेली, बदलून दिली पण भाडं आमच्याकडून घेतलं.

यंदाच्या वावधानात शेजारच्या गोठ्याच्या टिना आमच्या कपाशीच्या वावरात सापडल्या, आमची एकही हलली नाही. स्फोटाची परीक्षा झालेली नाही अन् होऊही नये. त्यानं स्वतःच कागदावर लिहून दिलंय की हे घर स्फोटप्रूफ नाही, जखमा कमी व्हाव्यात एवढंच.

बोलवायचं असेल तर सोयाबीन निघाल्यावर बोलवा, त्याच्या आधी मजूर भेटत नाही. अन् काचेचं कोटेशन भाड्यासकट वेगळं लिहून घ्या.