आईचा फोटो: स्टुडिओत की घरी?

आईची पंच्याहत्तरी जवळ आली की भावंडांत विषय निघतोच, तिचा एक चांगला मोठा फोटो काढून घेऊ. एक म्हणतो स्टुडिओत नेऊ, दुसरी म्हणते फोटोग्राफरलाच घरी बोलवू. आमच्याकडे दोन्ही झालं.

स्टुडिओत उजेड हाताशी असतो. बाहेर पाऊस असो की अंधार, पैठणीची जर उठून दिसावी म्हणून लागणारा मऊ, तिरका प्रकाश तिथे हवा तसा मिळतो. शिवाय काही आयांना नटूनथटून, रिक्षात बसून फोटोला जाणं मनापासून आवडतं. तुमची आई त्यातली असेल तर पुढचं वाचू नका, खुशाल न्या. फक्त ते 'महाराष्ट्रीयन थीम'चं पॅकेज घेऊ नका. जन्मभर इरकल नेसलेल्या बाईला शिवलेली नऊवारी नि भाड्याची नथ चढवून थर्माकोलच्या जात्याशेजारी बसवणं, ही वेशभूषा स्पर्धा झाली.

आमचं खरं बिनसलं ते रिटचिंगवर. आईच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे, लहानपणी जत्रेत काढलेलं. फोटो आला तेव्हा चेहरा लोण्यासारखा गुळगुळीत आणि गोंदण गायब! डाग समजून पुसलेलं. आईने फोटो लांब धरून पाहिला नि विचारलं, "ही कोण गं?"

पुसापुशी थोरामोठ्यांनाही चुकली नाही म्हणा. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिआ लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमोच्या मजूरतळावर टिपलेली 'मायग्रंट मदर', म्हणजे पोटासाठी भटकणाऱ्या एका मजूर आईचा फोटो, आठवा. फोटोच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावरचा एक अंगठा येत होता, तो लँगबाईंनी नंतर निगेटिव्हवरून काढून टाकायला लावला. पण त्या आईच्या कपाळावरच्या आठ्यांना हात लागला नाही, आणि फोटो लक्षात राहतो तो त्या आठ्यांमुळे, गालाला टेकलेल्या तिच्या हातामुळे. म्हणून पैसे देण्याआधीच बजावा: गोंदण, सुरकुत्या, चुलीच्या चटक्याचा वण, काही पुसायचं नाही.

घरच्या फोटोत कटकटी फार. मागे कॅलेंडर, मिक्सर, औषधांचा डबा. ट्यूबलाइट चालू राहिली तर खिडकीचा उजेड आणि तिचा उजेड मिळून चेहऱ्याचा रंग बिघडतो, तेव्हा ती आधी बंद करा. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम, तिथे थेट ऊन सहसा येत नाही. खोली अंधारी असेल तर आईला उंबरठ्याच्या आत, दाराकडे तोंड करून बसवा. फोनवर काढणार असाल तर चेहऱ्याला खेटू नका, नाक मोठं दिसतं. दोन पावलं मागे सरून २एक्स झूम वापरा.

पहिला अर्धा तास आई खांबासारखी ताठ बसते. आमच्या फोटोग्राफरने शेवटी तिच्यापुढे लसणाचा गड्डा ठेवला. सोलता सोलता ती कॅमेरा विसरली, हात कामाला लागले आणि मान वर करून तिने "झालं का?" असं पाहिलं. तोच फोटो ठरला.

रंगीत की कृष्णधवल? काढा रंगीतच, मग ठरवा. कृष्णधवलमध्ये सुरकुत्या बोलतात, पण लाल कुंकू आणि हिरवा चुडा दोन्ही करडे होऊन बसतात.

माझं मत घरच्या फोटोला. तो स्वयंपाकघराच्या दाराशी लावलाय, स्टुडिओतला कपाटात आहे. मावशीला मात्र कपाटातलाच हवाय. "यात आक्का कशी तरणी दिसते!" म्हणते.