मधली भिंत उघडावी की दोन्ही घरे पाडावीत?

सोलापूरच्या जुन्या पेठेतील शेजारची दोन माळवदी (मातीच्या सपाट छताची) घरे एक करताना मधल्या भिंतीत दार पाडणे स्वस्त पडते, शिवाय दगडमातीच्या जाड भिंती मे महिन्याच्या ४० अंशांपुढच्या उन्हातही घर गार ठेवतात. मात्र त्याच भिंतीवर दोन्हीकडच्या तुळया टेकलेल्या असतील, तर टेकू देऊन वर लोखंडी गर्डर बसवल्याशिवाय एक दगडही हलवू नये. दोन्ही घरांच्या जोत्यांच्या उंचीत वीतभर फरक निघाला, की ती पायरी आजीच्या गुडघ्यांना रोज जाणवते. भिंती सरळ असल्यास मी तरी हाच मार्ग धरीन.

पाडून बांधल्यास सपाट फरशी आणि मजल्याची सोय मिळते; पण सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडाव्या लागणाऱ्या पट्ट्यात, जागा जाते, भाड्याच्या घरात राहावे लागते आणि जुने सागवान बहुधा मातीमोल विकले जाते.