तीन रात्री, एकच शहर: प्राग की बुडापेस्ट?

मार्च उजाडला की मला दोन प्रकारचे मेसेज यायला लागतात. पहिला म्हणजे आई-बाबांच्या व्हिसासाठी काय काय कागदं जोडायची. दुसरा, ते आले की तीन-चार दिवस कुठे न्यायचं. मी जर्मनीत राहते, तेव्हा हिला ठाऊक असणारच असा सगळ्यांचा समज. खरं तर बेत आधीच ठरलेला असतो: चार दिवसांत प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट. एकाच रेल्वेमार्गावर तर आहेत, होऊन जाईल की!

होतं, नाही असं नाही. पण प्राग ते व्हिएन्ना चार तास, तिथून बुडापेस्ट पावणेतीन तास, शिवाय दोनदा हॉटेल सोडायचं, बॅगा लॉकरमध्ये कोंबायच्या, पुन्हा चेक-इनची वाट बघायची. मागाहून फोटो बघताना कुठला पूल कुठल्या गावचा यावर घरात वाद होतात. तेव्हा एकच शहर निवडा. तिन्ही देश शेंगेन या एकाच व्हिसाच्या गटात आहेत, म्हणजे व्हिसाचा प्रश्न सगळीकडे सारखाच. खरी चुरस प्राग आणि बुडापेस्टमध्ये असते. दोन्ही गावं मी एकदा मैत्रिणींबरोबर आणि एकदा आई-बाबांबरोबर पाहिली, आणि दोन्ही वेळा माझं उत्तर वेगळं आलं.

आधी पाय बघा

प्रागमध्ये जुन्या गावात जिकडे तिकडे दगडी फरसबंदी आहे. गोलसर माथ्याच्या त्या दगडांना चेक लोक ‘मांजराची डोकी’ म्हणतात. दिसायला झकास. पण चाकांची बॅग त्यावरून ओढली की अख्ख्या गल्लीला कळतं पाहुणे आले. बाबांचं वय ७१, उजवा गुडघा कुरकुरणारा. पहिल्याच दुपारी ते म्हणाले, “गाव सुंदर आहे गं, पण मान वर करून बघायची सोय नाही, सगळं लक्ष खाली.”

किल्ला तर चढावर. बहुतेक लोक चार्ल्स ब्रिज ओलांडून नेरुदोवा रस्त्याने धापा टाकत वर जातात. त्यापेक्षा २२ नंबरची ट्रॅम पकडा, प्राझ्स्की ह्राद थांब्यावर उतरा, किल्ला बघा आणि मग चालत खाली या. अर्थात गुडघेदुखीवाल्यांना उतारच जास्त त्रास देतो, तेव्हा त्यांनी परतीलाही ट्रॅमच धरावी.

बुडापेस्ट मुळात जोडगाव. बुडा, ओबुडा आणि पेश्ट ही गावं १८७३ साली एक झाली. पेश्टची बाजू सपाट, तळहातासारखी. बुडाचा किल्ला टेकडीवर, पण डेआक चौकातून १६ नंबरची बस सरळ वर नेऊन सोडते. १८९६ साली सुरू झालेली पिवळी मेट्रो, म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे, इतकी उथळ आहे की एक जिना उतरला की फलाट. लिफ्ट मात्र नाही. एकूण, चालण्याच्या हिशेबात बुडापेस्ट सरळ जिंकतं. मैत्रिणींबरोबर गेले तेव्हा हा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता.

बघायचं काय

प्राग हे भटकायचं गाव. तिकीट न काढताही तीन दिवस पुरतं. चार्ल्स ब्रिज सकाळी सातच्या आत गाठा. नंतर तिथे तुळशीबागेसारखी गर्दी असते. ३० पुतळे, धुकं, हातात कॅमेरा घेतलेले चार-दोन हौशी, बाकी शांतता. पुलाची पायाभरणी राजा चौथ्या चार्ल्सने १३५७ सालच्या नवव्या दिवशी, सातव्या महिन्यात, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी केली असं सांगतात. आकडे ओळीने मांडून बघा: १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १. मुहूर्त काढणारे काय फक्त आपल्याकडेच असतात?

जुन्या चौकातल्या खगोलीय घड्याळाबद्दल मात्र सावध करते. दर तासाला खाली पाचशे माणसं मोबाइल वर धरून उभी राहतात. सांगाडा घंटा वाजवतो, येशूचे बारा प्रेषित खिडकीतून डोकावतात, कोंबडा आरवतो, खेळ खलास. “एवढंच?” हा शब्द तिथे मी चार भाषांत ऐकलाय.

पण घड्याळाची तबकडी! ती १४१० ची आहे आणि तासाची वाट न बघता केव्हाही बघता येते. बाहेरच्या कड्यावर जुना चेक दिवस मोजलाय, जो सूर्यास्तापासून सुरू होतो. आतलं कडं राशींचं. त्यावर सूर्य आणि चंद्र आज कुठल्या राशीत आहेत ते दिसतं. आम्ही मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. बाबांनी चष्मा पुसला, बराच वेळ वर बघितलं आणि म्हणाले, “चुकलंय. सूर्य अजून मेषेत आहे, हे वृषभ दाखवतंय.” मग त्यांचं त्यांनाच उमगलं: हे सायन (राशी ऋतूंवरून मोजणारं), आपलं पंचांग निरयन (ताऱ्यांवरून). अर्धा तास ते तिथून हलले नाहीत. गर्दी येऊन, आरवणं ऐकून, निघूनही गेली. तुमच्या घरात असं कुणी पंचांग उघडून बसणारं असेल, तर पुढचं वाचू नका, सरळ प्रागचं तिकीट काढा.

किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथीड्रल १३४४ ला सुरू होऊन १९२९ ला पुरं झालं. आपल्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटवर चिडणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

बुडापेस्टमध्ये बघण्यापेक्षा बसणं जास्त. डॅन्यूब रुंद, काठावर दिव्यांनी पिवळं झालेलं संसद भवन, समोर किल्ला, मधे चेन ब्रिज. दोन नंबरची ट्रॅम पेश्टच्या काठाकाठाने जाते. अंधार पडल्यावर तिच्या नदीकडच्या खिडकीशी बसलात तर बोटीच्या तिकिटाचे पैसे वाचले असं समजा. संसदेच्या आत जायचं असेल तर तिकीट आठवडाभर आधी ऑनलाइन काढा, ऐनवेळी इंग्रजी फेरी मिळेलच असं नाही. आत घुमटाखाली हंगेरीचा राजमुकुट ठेवलाय, त्यावरचा क्रूस वाकडा. तो सरळ करायच्या भानगडीत कुणी पडलेलं नाही. मला त्याहून आवडल्या त्या सभागृहाबाहेरच्या पितळी पट्ट्या. त्यात सिगार ठेवायला नंबर घातलेल्या खाचा आहेत. पेटता सिगार आपल्या खाचेत ठेवून आमदार आत भाषण ऐकायला जायचे.

आणि मग गरम पाण्याचे हमाम. ओस्मानी तुर्कांनी १५४१ ते १६८६ बुडावर राज्य केलं. त्यांच्या वेळचा घुमट रुदाश हमामात अजून डोक्यावर आहे. सेचेन्यी मात्र १९१३ चं, पिवळ्या राजवाड्यासारखं, उघड्या आभाळाखाली. (चित्रकार अमृता शेर-गिल यांचा जन्मही त्याच वर्षी, याच शहरात झाला.) आईचा प्रश्न अर्थातच पोहण्याच्या कपड्यांचा होता. “या वयात?” असं तीनदा म्हणून झालं. शेवटी पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा स्विमसूट नेला. तिथे तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायका निवांत डुंबत होत्या, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. छातीभर पाण्यात उभे राहून दोन आजोबा बुद्धिबळ खेळत होते, वाफेत पट दिसेनासा होत होता. आई हळूहळू सरकत सरकत त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि डाव संपेपर्यंत बाहेर आली नाही. चपला आणि टॉवेल घरून न्या. लहान मुलं असतील तर वयाचे नियम आधी बघून घ्या, काही हमामांत मुलांना सोडत नाहीत.

दोन्ही गावांत एक जागा अशी आहे जिथे घाईने जाऊ नये. प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या जवळपास ८० हजार ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. बुडापेस्टला संसदेजवळ नदीच्या कडेला लोखंडी बुटांचे ६० जोड ठेवलेत. १९४४-४५ मध्ये तिथे माणसांना बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि नदीत ढकललं. त्यात लहान मुलांचे बूटही आहेत. या दोन जागांची तुलना मी करणार नाही.

पोटाचं काय

शाकाहारी माणूस दोन्हीकडे उपाशी राहत नाही. पण प्रागमध्ये चीज तळून देतात आणि बटाट्याचा ब्राम्बोराक, म्हणजे लसूण घातलेलं जाडसर धिरडं. दोन दिवस मजा येते, तिसऱ्या दिवशी डाळभात आठवतो. तिथे ‘बेझ मासा’ म्हणायला शिका. अर्थ ‘मांसाशिवाय’. आपल्या कानाला वाटतं मासा नको म्हणताहेत, पण चेक ‘मासो’ आणि आपलं ‘मांस’ एकाच कुळातले शब्द आहेत.

हंगेरियन भाषेत असलं काही हाताशी लागत नाही, जेवण मात्र ओळखीचं वाटतं. फझेलेक म्हणजे पालक, वाटाणा, भोपळा किंवा बटाट्याची दाटसर पातळभाजी. लांगोश म्हणजे भटुऱ्याचा दांडगा भाऊ, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. फक्त ‘झीर’, म्हणजे डुकराची चरबी, वापरली आहे का ते विचारायचं. धुराड्यासारखा गोल गोड पाव दोन्हीकडे मिळतो. प्रागमध्ये तो ‘जुनी चेक परंपरा’ म्हणून खपवतात, ते मनावर घेऊ नका. हंगेरियन लोकांचा त्यावरचा हक्क बराच जास्त आहे.

पैसे

दोन्हीकडे युरो नाही. प्रागमध्ये कोरुना, बुडापेस्टमध्ये फोरिंट. पहिल्या वेळी प्रागच्या एका काउंटरवर ‘कमिशन शून्य’ वाचून मी नोटा बदलल्या आणि भाव एवढा पाडलेला निघाला की त्यात दोघींचं जेवण झालं असतं. तेव्हा माहीत नव्हतं, पण आता चेक कायद्याने हजार युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, पावती तेवढी जपून ठेवायची. मुळात कार्डच वापरा, आणि मशीनने ‘युरोत की स्थानिक चलनात’ विचारलं तर डोळे मिटून स्थानिक. फोरिंटमध्ये सगळं हजारांत असतं, एका कॉफीलाही. हजाराला ते ‘एझेर’ म्हणतात. इराणी भाषांतून गेलेला शब्द, म्हणजे आपल्या हजारचाच चुलतभाऊ.

माझ्या अनुभवात राहणं-खाणं बुडापेस्टला थोडं स्वस्त पडलं. विमानतळावरून तिथे १००-ई बस थेट मध्यात आणते, तिचं तिकीट वेगळं. प्रागला ५९ नंबरची ट्रॉलीबस, मग मेट्रो. कागदी तिकीट दोन्हीकडे यंत्रात घालून त्यावर शिक्का मारायचा असतो. नुसतं खिशात ठेवलं तर ते विनातिकीटच.

मग व्हिएन्ना?

व्हिएन्ना राहिलं. सपाट रस्ते, बहुतेक सगळीकडे लिफ्ट, युरो चलन, नळाचं पाणी थेट डोंगरातल्या झऱ्यांचं. ज्येष्ठांना सगळ्यात सोयीचं गाव हेच. पण ते संग्रहालयांचं आहे. ब्रॉयगेलची चित्रं, क्लिम्टचं ‘चुंबन’ हे चित्र, ऑपेराचं उभ्याचं तिकीट यात रस नसेल तर दुसऱ्या दुपारी घरचे “आता कुठे?” विचारायला लागतात. रस असेल तर मात्र हा अख्खा लेख बाजूला ठेवा आणि व्हिएन्नाला जा, फक्त रविवारी दुकानं बंद असतात हे धरून चाला.

डिसेंबरमध्ये जाणार असाल तर माझं मत बुडापेस्ट. प्राग काय, बुडापेस्ट काय, चारच्या सुमाराला अंधार पडतो आणि प्रागची सगळी गंमत उजेडात चालण्याची आहे. बुडापेस्टला अंधार पडला की उलट दिवे लागतात, हमामातून वाफा निघतात. एप्रिल-मेमध्ये, धडधाकट पायांनी, दोघंच जाणार असाल तर प्राग. आई-बाबा बरोबर असतील तर पुन्हा बुडापेस्ट, हॉटेल पेश्टच्या बाजूला, डेआक चौकाच्या आसपास.

बाबांना मात्र यातलं काही पटत नाही. त्यांना नोव्हेंबरात पुन्हा प्रागला जायचंय, सूर्य तेव्हा कुठल्या राशीत दाखवतात ते बघायला.