मागे डिस्क की रिम ब्रेक? ट्रायल्स सायकलवर दोन्ही वापरून झाल्यावर

दर पावसाळ्याआधी कोणी ना कोणी विचारतंच की 20 इंची ट्रायल्सला (दगड-कठड्यांवर पाय न टेकता उड्या मारत चालवायची सायकल) मागे डिस्क (चाकाच्या मध्यावरची चकती पकडणारा ब्रेक) लावू की रिम ब्रेक (थेट चाकाची कड पकडणारा). माझ्या फ्रेमला दोन्हीची माउंट आहेत, त्यामुळे आधी दीड वर्ष डिस्क आणि आता दोन वर्षं हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) रिम ब्रेक असं झालंय, तेही त्याच सायकलवर आणि खारघरच्या डोंगराखालच्या त्याच काळ्या दगडांवर. पुढच्या ब्रेकचा विषय नाहीये, पुढे डिस्कच आहे आणि मजेत आहे.

डिस्कला नावं ठेवायला तशी जागा नाही. एका बोटात पकडतो, आवाज नाही, रिमला आऊट आला (ती थोडी वाकडी झाली) तरी ह्याला काही घेणंदेणं नाही. रोटर, म्हणजे ती चकती, एकदा दगडावर आपटून वाकला होता, पान्याने सरळ केला, चालायचंच. रस्त्यावरचं तेलकट पाणी पॅडला लागलं की मात्र रुसतो.

माझं बिनसलं ते एका 'टक'वरून. मागच्या चाकावर हॉप मारताना ब्रेक पूर्ण दाबलेला असतो, चाक जाम, तरी सायकल पुढेमागे किंचित हलते आणि टक, परत टक. पॅड त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरच्या खाचेत केसभर सैल असतात ते सरकतात, शिवाय हबपासून रिमपर्यंतचा सगळा ताण स्पोकवर येतो म्हणून तेही थोडे पिळतात. 160 मिलिमीटरचा रोटर म्हणजे पॅड मध्यापासून 8 सेंटीमीटरच्याही आत धरणार, रिमवरचे पॅड धरतात 19 वर. त्यामुळे रोटरपाशी केसभर असलेला ढिलेपणा टायरपाशी चांगलाच जाणवतो.

गंमत बघा, मी 72 क्लिकचं फ्रीव्हील (पेडल पुढे फिरवलं की पकडणारा भाग, हा एका फेरीत 72 जागी पकडतो) काढून 108 चं टाकलं, का तर पेडल किक (पेडलला झटका देऊन उडी) मारताना क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, 5 अंशांपर्यंत रिकामा फिरायचा तो साडेतीनच्या आत यावा. त्यात खिसा रिकामा केला आणि जो ढिलेपणा पुढून काढला तो ब्रेकने मागून परत आणून ठेवला. मांडीएवढ्या कठड्यावर साइड हॉप (बाजूला उडी) मारायच्या आधी आपण मागच्या चाकावर दबतो ना, नेमकी तेव्हाच ती टक यायची आणि माझं मन कच खायचं. मोजमाप केलेलं नाही हं, असेलही माझ्या डोक्यातलंच. कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी कापून पॅडच्या कडेला कोंबली, पंधरा दिवस बरं चाललं, मग परत टक.

रिम ब्रेकला ही भानगडच नाही, चार बोल्टवर घट्ट बसतो आणि टायरला लागूनच धरतो. लॉक म्हणजे लॉक. पण त्याचे लाड फार. गुळगुळीत रिमवर तो ट्रायल्सपुरता धरत नाही, म्हणून काहीजण रिमला डांबराचा खडा घासतात (खड्डे बुजवलेल्या रस्त्याकडेला पैशाला पासरी मिळतो), पण रिम ओली झाली की त्याचा उपयोग शून्य. मग उरतं ग्राइंड करणं. तुर्भे एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे रिम घेऊन गेलो तर ते म्हणाले, "द्या, गुळगुळीत करून देतो." म्हटलं नाही काका, खरखरीत करायचीये. "अहो, नवी रिम आहे ही!" शेवटी ग्राइंडर माझ्या हातात दिला, मी हलक्या हाताने तिरके चरे मारले आणि ते बाजूला कपाळाला हात लावून उभे. माझे चरे तीन-चार महिन्यांत झिजतात, की परत तुर्भे, आणि जोर जास्त लागला तर रिमची कड पातळ होते ते वेगळंच.

आणि तो आवाज! कोपरखैरण्यात आमच्या पार्किंगमध्ये पहिल्याच सकाळी चौथ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या, "काय रे, काय कापतोयस खाली?" तेव्हापासून बिल्डिंगखाली मी फक्त ट्रॅकस्टँड (जागच्या जागी तोल सांभाळणं) करतो.

रिम ब्रेकचा लिव्हर जड वाटला तर आतलं तेल काढून साधं पाणी भरणारे बरेच आहेत. कंपनी मिनरल ऑइलच सांगते हे खरं, पण पाणी पातळ, लिव्हर झटकन परततो. थंड देशात ते गोठू नये म्हणून अँटीफ्रीझ मिसळतात, आपल्याकडे तो प्रश्नच नाही.

तर, नुकतं बनी हॉप (दोन्ही चाकं उचलून उडी) शिकत असाल आणि सोसायटीतच खेळणार असाल तर डिस्क घ्या, ती टक तुम्हाला वर्षभर कळणारही नाही. मागच्या चाकावर जास्त वेळ जाणार असेल तर मी आपला रिमच म्हणेन, काकूंची माफी मागून. आणि सेकंडहँड डिस्कवाली बघायला गेलात तर एका हाताने मागचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताचं बोट कॅलिपर आणि पॅडच्या सांध्यावर टेकवा आणि कंबरेने सायकल पुढेमागे ढकला. टक लागली की विकणाऱ्यालाही बोट लावून बघायला सांगा, भाव थोडा तरी उतरेल.